लॉगिन प्रवेशाच्या पावतीबरोबरच द्या

प्रति,
प्राचार्य, ग्रंथपाल, संशोधन मार्गदर्शक आणि शिक्षण संस्थांची संचालक मंडळे,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी तालुक्यांतील महाविद्यालये.

स. न. वि. वि.

आपल्यापैकी बऱ्याच महाविद्यालयांनी दरवर्षी पैसे भरून घेतलेली एक सोय विद्यार्थ्यांना माहीतच नसते. संशोधन नियतकालिके आणि ई-ग्रंथ यांच्या ऑनलाईन संग्रहांबद्दल मी बोलतो आहे. वर्गणी भरली जाते, महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या अहवालात तिचा उल्लेख होतो, समिती आली की ग्रंथालयातला संगणक झाडून-पुसून दाखवला जातो. आणि एमएच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी मात्र झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बॅचचा कुणाचा तरी प्रकल्प मिळतो का ते बघत फिरते. हे थांबवायला नवी इमारत लागत नाही की नवे अनुदान.

मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलात मराठी शिकवतो. कॉलेजशी माझा नोकरीचा काही संबंध नाही. पण दहावीला माझ्याकडे असलेली मुले पुढे बीए, एमए, एमकॉम करतात, आणि प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली की गावच्या वाचनालयात येऊन बसतात. त्यांच्या पिशवीत एक गाईड, वर्तमानपत्राची दोन कात्रणे आणि विकिपीडियाचा प्रिंटआऊट असतो. संदर्भसूचीत शेवटी ‘गुगल डॉट कॉम’ असे लिहिलेले असते, आणि मार्गदर्शकांनी त्याखाली सही केलेली असते. रागावू नका, सही तुमचीच असते.

अलीकडे त्यात एक नवी भर पडली आहे. एआयला विचारून आणलेली संदर्भांची यादी. यादी दिसते फार देखणी. नियतकालिकाचे नाव खरे, लेखकाचे नावही ऐकलेले, वर्ष आणि पृष्ठांक अगदी व्यवस्थित, आणि असा लेख कुणी कधी लिहिलेलाच नाही! मी एका मुलाला म्हटले, यातला कुठलाही एक लेख उघडून दाखव. त्याला कुठे जाऊन उघडायचा तेच ठाऊक नव्हते. यात त्याचा काय दोष? खरा लेख कुठे असतो, तो कसा काढायचा, हे त्याला सतरा वर्षांच्या शिक्षणात कुणी दाखवले नव्हते. ज्याने खऱ्या नियतकालिकाचे पान कधी उघडले नाही, त्याला खोटा संदर्भ ओळखता कसा येणार?

आणखी एक जण जेस्टोर या संशोधन नियतकालिकांच्या ऑनलाईन संग्रहात एका लेखापर्यंत पोहोचला. पहिले पान दिसले, पुढे कुलूप. “सर, हे डॉलर मागूलंय की ओ,” म्हणाला आणि लॅपटॉप मिटला. त्याच्या कॉलेजकडे एन-लिस्टची वर्गणी होती. म्हणजे जो लेख त्याला परदेशी चलनात विकत मिळत होता, तो त्याला घरी बसून फुकट वाचता आला असता. कॉलेजचे नाव मी इथे घेणार नाही. तशी वेळ आणणारे ते एकटेच कॉलेज असते तर हे पत्र त्यांनाच पाकिटातून पाठवले असते.

ज्या संचालकांना एन-लिस्ट हे नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गांधीनगरला इन्फ्लिबनेट नावाचे केंद्र आहे. 1991 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ते सुरू केले. विद्यापीठांना परवडणारी नियतकालिके छोट्या कॉलेजांना परवडत नाहीत, म्हणून या केंद्राने कॉलेजांसाठी एन-लिस्ट ही योजना काढली. सहा हजारांवर ई-नियतकालिके आणि लाखाच्या वर ई-ग्रंथ त्यातून मिळतात. आयोगाच्या कायद्यातील 2(एफ) आणि 12(बी) कलमांखाली मान्यता असलेल्या अनुदानित कॉलेजला त्यासाठी वर्षाला साधारण पाच हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच वर्गणी आहे. गॅदरिंगच्या मंडपाला यापेक्षा जास्त खर्च होतो. कॉलेजने नोंदणी केली की ग्रंथपालांनी विद्यार्थ्यांची नावे आणि ईमेल यादीत चढवायचे, मग प्रत्येकाला आपापले लॉगिन येते आणि ते घरून, मोबाईलवरूनसुद्धा चालते. आपल्याकडे सगळे अडते ते या ‘नावे चढवायच्या’ पायरीवर. प्राध्यापकांची नावे चढतात, कारण नॅकला आकडा लागतो. विद्यार्थ्यांची राहून जातात.

आता ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2024 मध्ये ही योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिके. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापले, देशातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना सगळे फुकट मिळणार असा बऱ्याच जणांचा समज झाला. तसे नाही. ती सोय सध्या केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना आहे. भूतरामहट्टीच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या किंवा सरकारी प्रथम दर्जा कॉलेजच्या विद्यार्थ्याला ती मिळायला हवी. पण सीमाभागातला मराठी मुलगा बहुतेक वेळा कुठे शिकतो? शिक्षण मंडळाच्या, संस्थेच्या, म्हणजे खाजगी अनुदानित कॉलेजात. तो या योजनेच्या बाहेर राहतो. त्याच्यासाठी एन-लिस्ट हाच रस्ता आहे, म्हणून संस्थाचालकांनो, ‘आता सरकारच सगळे फुकट देणार आहे’ असे म्हणून ती वर्गणी बंद करू नका. आणि विद्यापीठाच्या विभागांनो, तुमच्याकडे जे आलेले आहे ते विद्यार्थ्याला माहीत आहे का, एवढे एकदा वर्गात हात वर करायला सांगून बघा.

यावर स्टाफरूममध्ये मिळणारे उत्तर मला पाठ आहे. “सर, ते सगळं इंग्लिश. आमच्या मराठीच्या मुलांना त्याचा काय उपयोग?”

हे अर्धे खरे आहे. त्या 13,000 नियतकालिकांत मराठी शोधायला गेलात तर निराशाच होईल. ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, ‘भाषा आणि जीवन’, ‘नवभारत’ ही नावे तिथे भेटणार नाहीत. पण म्हणून मराठीच्या मुलाने तिकडे फिरकूच नये? निपाणीच्या तंबाखूवर प्रकल्प करणारा मुलगा घ्या. 1981 चे निपाणीचे आंदोलन, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हायवेवर मांडलेले ठाण, मग झालेला गोळीबार, हे त्याने आजोबांकडून ऐकलेले आहे. विडी कामगार बायकांची स्थिती त्याने गल्लीत पाहिलेली आहे. त्याला हवी आहे ती त्या काळात बाहेरच्या अभ्यासकांनी केलेली मांडणी. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे त्या वर्षांचे अंक त्याने चाळायला हवेत, आणि ते अंक जेस्टोरवर आहेत. इंग्रजी जड जाते हे मान्य, पण आठ पानांचा एक लेख शब्दकोश घेऊन आठवडाभरात वाचता येतो. आमची मुले कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही भाषांत बाजार करतात. चौथी त्यांना झेपणार नाही हे आपण परस्पर ठरवून टाकतो.

आणि जो पूर्ण मराठीत आहे, तो खजिना तर अगदी उघड्यावर पडलेला आहे. शोधगंगा. याला लॉगिनसुद्धा लागत नाही. आयोगाच्या 2009 च्या नियमांनंतर विद्यापीठांना पीएचडीचे प्रबंध इथे ठेवावे लागतात आणि आज देशभरचे पाच लाखांहून जास्त प्रबंध तिथे आहेत. कोल्हापूर, पुणे, मुंबई, गोवा, धारवाड अशा विद्यापीठांच्या मराठी विभागांचे प्रबंध एका जागी बघायला मिळतात. कोल्हापूरला विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जाऊन बसायचे तर येण्याजाण्यात अख्खा दिवस आणि बसभाडे. त्यातले बरेचसे काम इथे बसून होते.

पण ते होते कसे, हे दाखवावे लागते, आणि माझे खरे मागणे याच ठिकाणी आहे. मुलाला शोधगंगेचा पत्ता देऊन भागत नाही. तो देवनागरीत ‘ग्रामीण कादंबरी’ असे टाकतो, दोन-चार निकाल येतात आणि “काही नाही सर” म्हणून तो उठतो. वास्तविक त्याच विषयावरचे प्रबंध तिथे असतात, पण त्यांची शीर्षके रोमन लिपीत चढवलेली असतात आणि ज्याने चढवली त्याने मनाला येईल तसे स्पेलिंग केलेले असते. ग्रामीण एकीकडे ‘आय’ने, दुसरीकडे ‘डबल ई’ने. ज्ञानेश्वर कुठे ‘डी’पासून, कुठे ‘जे’पासून, तर कुठे हिंदीच्या वळणाने ‘जी’पासून. अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांच्या सूचीत तर प्रत्येक अक्षरावर रेघा-टिंबे आणि शेवटचा ‘अ’ही लिहिलेला. मुलाला हे एकदा कळले की तो पाच-सहा पर्याय टाकून बघतो. नाही कळले तर तो आयुष्यभर समजत राहतो की मराठीत यावर काही झालेच नाही.

आपल्या बेळगावच्या नावाचेही तसेच. नोव्हेंबर 2014 मध्ये सरकारी कागदोपत्री नाव बदलले. त्यामुळे नवे लेख एका स्पेलिंगखाली आणि त्याआधीचे सगळे इंग्रजी लिखाण जुन्या, ‘यूएम’ने संपणाऱ्या स्पेलिंगखाली. देवनागरीत ‘बेळगाव’ वेगळे, अनुस्वार दिलेले ‘बेळगांव’ वेगळे. यंत्राला दोन्ही गावे निराळी वाटतात. कुठले नाव योग्य यावर आपण चौकात हवे तेवढे भांडू, शोधाच्या चौकटीत मात्र सगळी टाकायची.

दुसरी अडचण फॉन्टची. जुने मराठी प्रबंध श्रीलिपी नाही तर तसल्याच फॉन्टमध्ये टाईप झालेले, किंवा छापील पाने सरळ स्कॅन करून चढवलेली. डोळ्यांना मराठी दिसते, पण पीडीएफमध्ये शब्द शोधायला गेलात तर काही सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी तिथे एक तर चित्र आहे किंवा भलतीच रोमन अक्षरे आहेत. अशा वेळी शब्दशोध सोडून विद्यापीठ निवडायचे, मग मराठी विभाग, आणि यादी वरून खाली वाचत जायचे. कंटाळवाणे आहे, पण ग्रंथालयातल्या कपाटापुढे उभे राहून पुस्तकांच्या पाठी वाचण्याइतकेच. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 मध्ये झाले. त्याआधी बेळगावचे पदव्युत्तर केंद्र धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे होते. तेव्हा बेळगावात झालेले जुने संशोधन शोधायचे असेल तर बेळगावच्या नावावर बघून भागणार नाही, धारवाडच्या यादीतही डोकवावे लागते.

प्रबंध सापडल्यावरही एक युक्ती. शोधगंगेवर प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल असते. मुले उत्साहाने पहिले प्रकरण उघडतात, त्यात विषयाची व्याख्या आणि तीच ती अवतरणे, आणि कंटाळतात. मी त्यांना आधी शेवटची, संदर्भसूचीची फाईल उघडायला सांगतो. आपल्या विषयावर कुणी कुणी काय काय लिहिले आहे याची आयती यादी तिथे मिळते. मग ती पुस्तके आपल्या वाचनालयात आहेत का ते बघायचे. गुगल स्कॉलरवरही असेच. एखाद्या लेखाखाली ‘साईटेड बाय’ असते, त्यावर टिचकी मारली की त्यानंतर तो लेख कुणी वापरला ते दिसते. शेजारी ‘ऑल व्हर्जन्स’ असते, तिथे कधी कधी पैसे मागणाऱ्या लेखाची लेखकाने स्वतः टाकलेली मोफत प्रत सापडते. जेस्टोरवर स्वतःचे मोफत खाते उघडले तर महिन्याला शंभर लेख ऑनलाईन वाचता येतात, कॉलेजची वर्गणी असो वा नसो. हे सगळे दाखवायला जास्तीत जास्त एक तास लागतो. मला जमते तर ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला का जमू नये?

ग्रंथपाल मंडळी यावर काय म्हणतील तेही मला समजते. काही ठिकाणी कायम ग्रंथपालाचे पदच रिकामे आहे, तात्पुरत्या माणसावर काम चाललेय, आणि त्याच माणसाला परीक्षा विभागात, निवडणुकीच्या कामाला आणि प्रवेशाच्या खिडकीवरही बसवतात. पुस्तके देणे-घेणे, दंड वसूल करणे यातच दिवस जातो. प्राचार्यांनी याचा विचार करावा. वेळापत्रकात एक तास ‘ग्रंथालय’ म्हणून छापा, मराठी, इतिहास, समाजशास्त्र, वाणिज्य या विभागांना प्रत्येक सत्रात एकदा, आणि त्या तासाला ग्रंथपालांना दुसरे काम देऊ नका. तास मराठीत घ्या. कॉलेजच्या फलकावर एन-लिस्टची सूचना लागते ती इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. तिसरा कागद मराठीत लावायला काय हरकत आहे? सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथे चालू दे. फलकावरच्या सूचनेला न्यायालयाचा निकाल लागत नाही.

खानापूरच्या पश्चिमेकडच्या मुलांचे वेगळे सांगायला हवे. कणकुंबी, जांबोटीकडच्या कित्येक वाड्यांवर मोबाईलची रेंज टेकडीवर चढून मिळवावी लागते. घरून लॉगिन चालते हे त्यांच्यासाठी पुस्तकातले वाक्य आहे. त्यांना कॉलेजच्या वायफायवर पीडीएफ उतरवून घेऊन जाता आले पाहिजे, आणि त्यासाठी ग्रंथालयातला संगणक ‘बंद आहे, उद्या या’ असा नको. ही मुले बसच्या वेळेवर जगतात. तीनला वर्ग सुटतो, साडेतीनला ग्रंथालयाचे दार ओढले जाते, आणि बस पाचला. मधला दीड तास ती बसस्टँडवर काढतात. दार तेवढे पाचपर्यंत उघडे ठेवा.

आता मार्गदर्शकांशी थोडे बोलायचे आहे. छापून आणण्याच्या बाजाराबद्दल.

मुलांना सांगितले जाते, पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून आण. कुठे? तर कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली जाहिरात असते : आठवड्यात प्रकाशन, आयएसएसएन क्रमांक, प्रमाणपत्र, फी हजार-दोन हजार. मुलगी वडिलांकडून पैसे घेऊन भरते. आयएसएसएन हा केवळ नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे, दर्जाशी त्याचा संबंध नाही, हे तिला कुणी सांगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने स्वतः मे 2018 मध्ये आपल्याच मान्य यादीतून 4,305 नियतकालिके वगळली होती. नंतर आयोगाचीच मान्य नियतकालिकांची नवी, केअर यादी आली, तीही 2025 मध्ये बंद करण्यात आली, आणि नियतकालिक पारखायची जबाबदारी संस्थांवर आणि तुमच्यावर आली. शिवाय 2022 च्या पीएचडी नियमांत प्रबंध सादर करण्याआधी लेख छापून आणण्याची सक्ती राहिलेली नाही. तरीही कुणी मार्गदर्शक विद्यार्थ्याला अशा दुकानात पाठवत असतील तर त्यांनी आधी त्या नियतकालिकाचे मागचे चार अंक उघडून वाचावेत. एका अंकात मराठी कविता, कोळंबीपालन आणि संगणकशास्त्र शेजारी शेजारी दिसले की समजून घ्यावे.

नकलेचा नियमही मुलांना भीती म्हणून सांगितला जातो, कसा टाळायचा ते सांगितले जात नाही. 2018 च्या नियमाप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढे पायऱ्या चढत जातात. मराठीतली उचल यंत्र इंग्रजीइतकी पकडत नाही हे मुलांना चांगले ठाऊक आहे. तुम्हालाही आहे. म्हणून सॉफ्टवेअरच्या आकड्यावर सही करण्याऐवजी संदर्भसूचीतला कुठलाही एक लेख काढून दाखव असे तोंडी परीक्षेत सांगा. एवढ्याने पुढच्या वर्षी ‘गुगल डॉट कॉम’ लिहिणारे निम्म्यावर येतील.

शेवटचा मुद्दा थोडा लांबचा आहे, पण मला सगळ्यात जिव्हाळ्याचा. या सगळ्या डेटाबेसमध्ये आपण स्वतः कुठे आहोत?

सीमाभागाविषयी शोधले की 1884 चा मुंबई इलाख्याचा बेळगाव गॅझेटियर इंटरनेट आर्काइव्हवर सापडतो. इंग्रज अधिकाऱ्यांनी इथली गावे, पिके, जाती, बाजार कसे पाहिले ते त्यात आहे. महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालावरची चर्चा सापडते. राजकारणावरचे लेख सापडतात. पण इथल्या माणसांनी मराठीत काय लिहिले, काय वाचले, ते सापडत नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 चे आहे. बाबुराव ठाकुरांनी 1919 मध्ये सुरू केलेल्या ‘तरुण भारत’चे जुने अंक म्हणजे या भागाची रोजनिशीच आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत गावकरी वर्गणी काढून मराठी साहित्य संमेलने भरवतात, स्मरणिका छापतात. त्या स्मरणिकांत गावच्या माणसांचे लेख, जुने फोटो, यात्रेचा इतिहास, शाळेची हकिकत असते. पुढच्या वर्षी त्या कुणाच्या तरी माळ्यावर जातात आणि मग वाळवी. यावर कुणाला संशोधन करायचे असेल तर दारोदार फिरावे लागते, आणि दहा वर्षांनी फिरूनही मिळणार नाही.

आपल्या कॉलेजांची गोष्टही निराळी नाही. मागच्या कितीतरी वर्षांचे एमएचे प्रकल्प विभागाच्या कपाटात रचलेले आहेत. त्यात बोलीचे शब्दसंग्रह आहेत, गावांची ओवीगीते आहेत, ज्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या ते आता हयात नाहीत. सगळेच प्रकल्प चांगले नसतात, काही तर बघवत नाहीत. पण चांगले निवडून, विद्यार्थ्यांची संमती घेऊन, ते स्कॅन करून कॉलेजच्या संकेतस्थळावर ठेवायला मोबाईलसुद्धा पुरतो. युनिकोडमध्ये टाईप करून घ्या, शीर्षक देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्ही द्या, गावाची दोन्ही नावे द्या, म्हणजे पुढचा शोधणारा चुकणार नाही. यंदा जे प्रकल्प येतील त्यांच्यापासून सुरुवात केली तरी चालेल. संमेलनांच्या संयोजकांनीही स्मरणिकेची पीडीएफ छापखान्याकडून मागून घ्यावी. ती त्यांच्याकडे असतेच, फक्त मागितली जात नाही. वाचनालयांच्या समित्यांना माझी हीच विनंती आहे, आणि आमच्या गावच्या वाचनालयापासून मी ती आधीच लावून धरली आहे.

तर प्राचार्य महोदय, पुढच्या वर्षी प्रवेश सुरू होतील तेव्हा फीच्या पावतीला एक छोटी चिठ्ठी जोडा. त्यावर कॉलेजच्या एन-लिस्टचा पत्ता, लॉगिन कसे मिळेल, ग्रंथालयाच्या तासाची तारीख आणि ग्रंथपालांना भेटायची वेळ एवढेच असू द्या. मराठीत.

आणि हे पत्र वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनो, तुम्ही चिठ्ठीची वाट बघत बसू नका. उद्याच ग्रंथपालांकडे जा. आपले कॉलेज एन-लिस्टचे सभासद आहे का ते विचारा. असेल तर आपले नाव आणि ईमेल लिहून अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घालून घ्या. सभासद नसेल तर तोच अर्ज प्राचार्यांच्या नावे करा, वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत संस्थेच्या सचिवांना पाठवा. आठ दिवसांनी आवक क्रमांक सांगून अर्जाचे काय झाले ते विचारायला परत जा.

आपला,
एक मराठी शिक्षक
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव